शिक्षक, दुभाषी आणि इतिहासलेखक : मर्फीसाहेबांचे स्मरण

आपल्या ज्ञातीचा इतिहास म्हटला की मायनाक भंडारी, खांदेरीचा १६७९ सालचा संग्राम, आणि मुंबई बेटावर इंग्रजांनी सतराव्या शतकात उभारलेले भंडारी शिबंदीचे पथक या गोष्टी आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक असतात. त्यांचा अभिमान वाटणे स्वाभाविकच होय. परंतु हा इतिहास छापील ग्रंथांत आला कोणत्या वाटेने, आणि तो प्रथम लिहून ठेवणारा मनुष्य कोण होता, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका विस्मृत मनुष्याचे स्मरण करावयाचे योजिले आहे. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता, आपल्या देशाचाही नव्हता. तो आयर्लंडातून आलेला, मुंबईत मुलांना इंग्रजी भाषा शिकविणारा पंतोजी होता. पुढे तो मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दुभाष्याच्या जागेवर गेला. त्याचे नाव रॉबर्ट झेवियर मर्फी.

मर्फीच्या काळाची थोडी कल्पना आधी यावयास हवी. पेशवाई १८१८ साली संपली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२२ च्या सुमारास एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी मुंबईत एक मंडळी स्थापन झाली, व १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. या मंडळीच्या इंग्रजी शाळेत ज्या शिक्षकांनी आरंभीचे काम केले त्यांत मर्फी हे एक होते. याच शाळेतून पुढे बाळशास्त्री जांभेकर व दादोबा पांडुरंग यांच्यासारखे पुरुष निघाले. बाळशास्त्र्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' पत्र सुरू केले. वसई भागातील तर्खड गावचे मूळ असलेल्या घराण्यात जन्मलेल्या दादोबांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा. म्हणजे कोश, व्याकरण आणि वृत्तपत्र ही तीनही साधने पाच-सहा वर्षांच्या आत मराठीस लाभली. हे ज्या पिढीने केले, तिला इंग्रजीची अक्षरओळख करून देणाऱ्यांपैकी मर्फी होते, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी त्यांचे नाव विसरण्याजोगे नाही.

शिक्षकी करीत असता मर्फी स्वतःही विद्यार्थीच राहिले. विलायतेहून आलेले पुष्कळ गृहस्थ येथील भाषा हुकूम सोडण्यापुरती शिकत. मर्फींनी ती लोकांची कागदपत्रे वाचण्याइतकी शिकून घेतली. पुढे काही काळ त्यांनी मुंबईतील एका इंग्रजी वृत्तपत्राचे संपादनही केले, आणि नंतर सुप्रीम कोर्टात भाषांतरकार व दुभाषी म्हणून त्यांची योजना झाली.

आता हे सुप्रीम कोर्ट म्हणजे काय होते? मुंबई बेटावर १७९८ पासून रेकॉर्डरचे कोर्ट होते. त्याच्या जागी सुप्रीम कोर्ट आले व ते मे १८२४ मध्ये सुरू झाले. तेथील न्यायाधीश विलायतेहून येत, कायदा इंग्रजी, युक्तिवाद इंग्रजीत, ज्यूरीची भाषाही इंग्रजी. वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार मात्र मराठी, गुजराती, हिंदुस्थानी, पोर्तुगीज बोलणारे. मोडीतील खतपत्रे, वहीखाती, वाटणीपत्रे पुराव्यात दाखल होत. न्यायाधीशाने ऐकावयाचे ते दुभाष्याच्या तोंडून, आणि वाचावयाचे ते दुभाष्याच्या हातचे. साक्षीदाराने शपथेवर काय सांगितले हे महत्त्वाचे खरेच, पण निकाल अवलंबून राही तो दुभाष्याने शपथेवर काय सांगितले यावर.

ठाणे, कल्याण, साष्टी हा आपला मुलूख या कोर्टाच्या हद्दीबाहेर होता. तेथे कंपनी सरकारची जिल्हा अदालत व तिच्या वर सदर अदालत अशी निराळी व्यवस्था होती. या दोन व्यवस्थांचा एकदा मोठा खटका उडाला, आणि त्यात ठाण्याचे नाव येते. मोरो रघुनाथ नावाच्या पुण्याच्या एका मुलास, तसेच ठाण्याच्या तुरुंगात अटकेत असलेल्या बापू गणेश नावाच्या इसमास आपल्यासमोर आणावे, असे हुकूम सुप्रीम कोर्टाने काढले. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ते मानण्याचे नाकारले. न्यायमूर्ती सर जॉन पीटर ग्रँट यांनी १ एप्रिल १८२९ पासून कोर्टाचे दार लावून घेतले. अखेर विलायतेत प्रिव्ही कौन्सिलने त्याच वर्षी कोर्टाविरुद्ध निर्णय दिला. ही दुहेरी व्यवस्था संपली ती १८६२ साली हायकोर्ट स्थापन झाले तेव्हा. कोर्ट कोणाचे व हद्द कोठवर, हा वाद साहेबलोकांचा होता. परंतु ज्यांच्या देहाविषयी व जिंदगीविषयी तो चालला, त्यांना त्यातला एक शब्दही दुभाष्यावाचून कळण्याचा संभव नव्हता.

भाषा न कळण्याचा परिणाम काय होतो, हे ठाण्याने त्याआधीच पाहिले होते. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या प्रकरणात त्रिंबकजी डेंगळे यांस १८१५ साली ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. देशी शिपाई फितूर होतील या भीतीने पहाऱ्यावर निव्वळ गोरे सोजीर नेमले होते. खबरदारी मोठी, परंतु तीच अंगलट आली. एका अंमलदाराच्या पदरी असलेला मराठा मोतद्दार घोड्याची मालिश करता करता खिडकीखाली गाणी म्हणत असे. बाहेर साथीदार व घोडे कोठे तयार आहेत हे त्या गाण्यांतून कैद्यास कळत होते. पहारेकऱ्यांच्या कानांवर ते सर्व पडत होते, पण मराठी कोणास येत होते? १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी निसटले. बिशप हेबर १८२५ साली या भागात आला असता ही हकीकत त्याच्या कानी आली, व त्याने ती आपल्या प्रवासवृत्तात नमूद केली. भाषा न जाणणाऱ्या सत्तेच्या डोळ्यांवर झापड असते ती अशी. त्या प्रसंगी तीमुळे एक कैदी सुटला. न्यायासनापुढे मात्र त्याच झापडीमुळे निरपराध मनुष्य अडकण्याची भीती असते.

दुभाष्याचे काम बाहेरून दिसते तितके यांत्रिक नाही. आपल्या भाषेतील दोन-चार शब्दांचाच विचार करावा. 'त्याने भावास मारले' या वाक्यात भावास चोप दिला की भावाचा प्राण घेतला? मराठी माणसास संदर्भाने कळते, पण भाषांतर करणाऱ्यास दोहोंपैकी एक शब्द पत्करावाच लागतो, आणि त्या दोन शब्दांमध्ये काही महिन्यांची कैद व फाशी एवढे अंतर असते. 'भाऊ' म्हणजे सख्खा, चुलत, मावस की नुसता गावभाऊ? वारसाच्या दाव्यात सारे घर त्या एका शब्दावर उभे असते. आपल्या किनारपट्टीच्या बोलीत तर आणखी एक अडचण आहे. आगरी, कोळी, भंडारी अशा ज्ञातींतील जुनी माणसे 'ळ' चा उच्चार 'ल' व 'ण' चा उच्चार 'न' असा करीत. साक्षीदार म्हणतो 'माल गेली', आणि त्याला सांगावयाची असते गळ्यातील माळ. पुस्तकी मराठी शिकलेल्या दुभाष्याने 'माल' म्हणून लिहून घेतले तर चोरीच्या वस्तूचे वर्णनच बदलले!

आपल्या ज्ञातीच्या परंपरागत धंद्यातील उदाहरण याहूनही बोलके आहे. माडापासून निघते ती माडी, ताडापासून निघते ती ताडी. आंबण्यापूर्वीची ती नीरा. आपणांस ही तीन नावे वेगळी शिकवावी लागत नाहीत. इंग्रजीत माडी व ताडी या दोहोंसही 'टॉडी' हा एकच शब्द लावीत. १८७८ साली मुंबई इलाख्यास अबकारीचा कायदा लागू झाल्यावर झाडांवरील कर, परवाने व खटले यांनी आपल्या पूर्वजांस हैराण केले, हे ठाणे जिल्ह्यातील जुन्या घरांतून आजही ऐकू येते. ज्या मनुष्याचे पोट झाडावर, त्याला झाडाचे नाव म्हणजे केवळ नाव नव्हे. दुभाष्यास तो भेद ठाऊक असणे किंवा नसणे, यावर त्या बापड्याची बाजू मांडली जाणे अवलंबून असे.

अशा नाजूक जागी जो मनुष्य बसला त्याच्या अंगी कोणते गुण हवेत? दोन्ही भाषा हव्यातच, पण त्याशिवाय लोकांच्या चालीरीतींचे, गावांच्या नावांचे, जातींच्या जुन्या हकीकतींचे ज्ञान हवे. मर्फींचे ठायी ही जिज्ञासा होती याचा पुरावा त्यांच्या एका निबंधात सापडतो, आणि आपला त्यांच्याशी खरा संबंध येतो तो येथेच. बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीच्या निबंधसंग्रहाच्या पहिल्या खंडात, म्हणजे १८३६ ते १८३८ या काळातील कामकाजात, मुंबईत वसलेल्या अत्यंत जुन्या जमातींच्या इतिहासाविषयी त्यांचा निबंध छापला गेला. आजचे मुंबई बेट चौदाव्या शतकात एकसंध नसून दोन किंवा अधिक बेटांचे होते, असे प्रतिपादन त्यात आहे. यासाठी त्यांनी बिंबाख्यान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मराठी बखरीचा आणि स्थलनामांचा आधार घेतला.

ही रीत त्या काळी नवी होती. सरकारी दप्तरात किंवा फारसी तवारिखांत राजांचा इतिहास मिळे, परंतु उत्तर कोकणातील कोळी, भंडारी, पाचकळशी, प्रभू इत्यादी ज्ञातींचा वृत्तांत लोकांच्या घरातील पोथ्यांत व तोंडी परंपरेत होता. पायधुणी, उमरखाडी यांसारखी नावे रोज लोकांच्या तोंडी होती. तेथे एके काळी पाणी होते हे त्या नावांतच लिहिलेले आहे. परंतु नाव वाचावयास भाषा यावी लागते. शाळेत शब्दाचा अर्थ सांगावयाचा, कोर्टात शब्दाचा अर्थ लावावयाचा, आणि इतिहासात शब्दामागचा अर्थ शोधावयाचा. ही तीनही कामे मुळात एकच आहेत, हे मर्फींच्या चरित्रावरून प्रत्ययास येते.

बिंबाख्यानात माहीमवर भोंगळे नावाच्या भंडारी सरदारांची सत्ता काही काळ होती असा वृत्तांत आहे. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या शेरीफची स्वारी कोर्टाच्या सत्राच्या आरंभी निघे, तेव्हा तिच्यापुढे भोंगळी नावाचे लांब पितळी कर्णे वाजविण्याचा मान भंडाऱ्यांकडे असे. मर्फींनी या दोन गोष्टी जोडल्या. हा मान म्हणजे त्या विस्मृत भोंगळे सत्तेची शेष राहिलेली खूण असावी, असा त्यांचा तर्क होता. पुढे सर जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या गॅझेटियरच्या पिढीने, १९०० साली 'ओरिजिन ऑफ बॉम्बे' लिहिणाऱ्या डॉ. गर्सन डा कुन्हा यांच्यासारख्या संशोधकांनी, आणि १९०९ च्या मुंबई गॅझेटियरचे कर्ते एडवर्ड्स यांनी याच वाटेने पुढचा प्रवास केला. आज ज्ञातीच्या सभांतून भोंगळे राजांचा उल्लेख होतो, त्याचा छापील माग काढीत गेल्यास तो या दुभाष्याच्या निबंधापाशी जाऊन पोहोचतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, मग ती काही ज्ञातिबांधवांस रुचो अथवा न रुचो. मर्फींचा तर्क मनोहर आहे, परंतु तर्क म्हणजे सिद्धान्त नव्हे. भोंगळे व भोंगळी या शब्दांत ध्वनिसाम्य आहे. तेवढ्यावरून चौदाव्या शतकातील सत्ता आणि एकोणिसाव्या शतकातील मिरवणूक यांचे नाते शाबीत होत नाही. बखरीविषयीही सावधगिरी हवी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ साली 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली, तेव्हा ती निरनिराळ्या काळी लिहिलेल्या प्रकरणांची मिळून झालेली आहे हे दाखवून दिले. तिच्यातील माहीम म्हणजे मुंबईचे माहीम की केळवे-माहीम, हा प्रश्नही ठिकठिकाणी उद्भवतो. एका नावाची दोन गावे. म्हणजे पुन्हा दुभाष्याचाच पेच! केळवे-माहीम पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात गेले. अशा बखरी जातींच्या मानपानाच्या व वतनाच्या वादातही पुढे केल्या जात. म्हणून त्यांतील प्रत्येक वाक्य साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे उलटतपासणीस उभे केले पाहिजे. कोर्टात बसणाऱ्या मर्फींनाही ही कसोटी अमान्य झाली नसती. ज्ञातीचा मोठेपणा कच्च्या पुराव्यावर उभारण्यापेक्षा थोडा परंतु पक्का इतिहास पुढच्या पिढीच्या हाती देणे अधिक श्रेयस्कर, असे आमचे नम्र मत आहे.

भाषांतराच्या प्रश्नाचे गांभीर्य सर्व महाराष्ट्रास कळले ते १९०८ साली. 'केसरी'तील १२ मे व ९ जून १९०८ च्या अग्रलेखांवरून लोकमान्य टिळकांवर मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी होते. लेख मराठी, आणि ज्यूरीसमोर ठेवलेले शब्द इंग्रजी. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीतील भास्कर विष्णू जोशी हे साक्षीस उभे राहिले असता टिळकांनी त्यांची एकेका शब्दावर उलटतपासणी घेतली. मूळ मराठी शब्दाचा रोख कसा होता आणि इंग्रजी प्रतिशब्दाने तो कसा तीव्र झाला, हे ते दाखवीत गेले. न्यू इंग्लिश स्कूलचा एके काळचा शिक्षक त्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यातून साऱ्या न्यायासनास भाषेचा पाठ देत होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सातांविरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले, आणि २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. भाषांतर निर्दोष असते तर निकाल निराळा लागला असता असे कोणी म्हणणार नाही. त्यात राजकारण होतेच. परंतु मनुष्याचे शब्द परक्या भाषेत नेणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे त्या खटल्याने कायमचे नोंदवून ठेवले.

आज स्थिती पालटली आहे. ठाणे आणि कल्याण येथील कोर्टांत मराठीत साक्षी होतात, मराठीत अर्ज होतात. आरोपीस न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजेल अशा भाषेत समजावून सांगितली पाहिजे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेनेही ते तत्त्व राखले आहे. परंतु दुभाष्याची गरज संपली आहे काय? कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत व इमारतींत आज देशाच्या सर्व प्रांतांतील लोक राहतात. मुरबाड-शहापूरच्या वाडीपाड्यांवरील वारली, कातकरी, ठाकूर माणूस प्रमाण मराठी ऐकून आजही गोंधळतो. एके काळी इंग्रजी न्यायाधीशासमोर आपले पूर्वज ज्या अवस्थेत उभे राहत, त्याच अवस्थेत आपल्या मराठीसमोर आज दुसरा कोणी उभा असू शकतो. हे ज्याच्या ध्यानात येईल तो वकील, शिक्षक वा तलाठी आपले काम अधिक सहृदयतेने करील.

ज्ञातिबंधुभगिनींनो, या स्मरणाचे व्यावहारिक फलित काय, असे आपण विचाराल तर दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही की, आपल्या घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांत, देवघरात मोडीतील जुने कागद असतील, माडांच्या वाटण्या, अबकारीचे परवाने, गहाणखते, लग्नाच्या याद्या असे काही असेल, तर ते रद्दीत घालू नये. वाचता येत नाही म्हणून ते निरुपयोगी ठरत नाहीत; वाचणारा अजून भेटलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आपल्या परिसरात ज्ञानाची सेवा करीत आले आहे. तेथील जाणत्यांचा सल्ला घ्यावा, कागदांच्या प्रती करून ठेवाव्या, आणि आपल्या मंडळाच्या वह्यांत त्यांची नोंद करावी. दुसरी गोष्ट, घरातील वृद्धांच्या तोंडची बोली. माडावर चढण्याचे, छेद देण्याचे, रस उतरविण्याचे शब्द, वाडीतील जागांची नावे, नात्यांची जुनी संबोधने हे सर्व पुढील पंचवीस वर्षांत नाहीसे होईल. तरुण मुलामुलींनी आजी-आजोबांजवळ बसून ते जसे उच्चारले जातात तसेच उतरून घ्यावे, 'ल' चा 'ळ' करून शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये.

रॉबर्ट मर्फी यांचा पुतळा कोठे नाही, आणि त्यांची जयंती कोणी करीत नाही. दुभाष्याच्या धंद्यातच तसे आहे. त्याने आपले काम चोख केले तर ऐकणाऱ्यास तो मध्ये होता याची जाणीवही राहत नाही. तरीही परक्या भूमीतून आलेल्या एका पंतोजीने आपल्या पूर्वजांच्या पोथीतील शब्द मन लावून वाचले व ते जगापुढे ठेवले, ही गोष्ट खरी आहे. त्यांचे काही तर्क टिकतील, काही गळून पडतील. ते पारखून घेण्याचे काम आता आपले आहे, आणि त्यासाठी लागणारी भाषा आपल्या घरातच आहे.